वेल्डर असल्याचा पुरावा

कोणताही धडा शिकवण्यापूर्वी त्यातल्या मुख्य शब्दाची व्याख्या फळ्यावर लिहायची, ही माझी नोकरीतली सवय. देवासच्या एका हिंदी शाळेत भूगोल शिकवत मी निवृत्त झाले. सवय मात्र निवृत्त झाली नाही. त्यामुळे ताईच्या मुलाने, म्हणजे माझ्या भाच्याने, परदेशी नोकरीच्या व्हिसाचे नियम छापून माझ्यापुढे ठेवले, तेव्हा मी आधी ‘कुशल कामगार’ या शब्दाची व्याख्या शोधली. ती सापडली. लांबलचक होती, आणि वाचून संपली तरी कुशल कोणाला म्हणावे हे कळत नव्हते. असे उत्तर माझ्या वर्गात कोणी लिहिले असते तर मी ‘पुन्हा वाचून ये’ असा शेरा दिला असता.

त्या देशाचे नाव मी लिहीत नाही. एक थंड देश, एवढे पुरे. इतर थंड देशांची रीतही फारशी वेगळी नसावी. त्या देशात वेल्डर, सुतार, प्लंबर मिळत नाहीत आणि त्यामुळे त्यांची कामे अडून पडली आहेत, असे त्यांचे मंत्री वारंवार सांगतात. ‘या’ असे म्हणतात. मग दारात असा बंदोबस्त करतात की, आपण वेल्डरखेरीज आणखी बरेच काही आहोत हे दाखवल्याशिवाय वेल्डरला आत जाता येऊ नये. उदाहरणार्थ, इंग्रजी. सुरक्षेच्या सूचना वाचता याव्यात इतके इंग्रजी मागणे योग्यच. परंतु सरावाच्या पुस्तकात निबंधाचा विषय होता: संग्रहालयांना प्रवेशशुल्क असावे की नसावे? माझ्या भाच्याने जन्मात एकच संग्रहालय पाहिले होते, तेही शाळेच्या सहलीत, आणि तिथे त्याचा जेवणाचा डबा हरवला होता.

“मावशी, मला पाइप जोडायचा आहे की म्यूज़ियम चालवायचं आहे?”

“आधी दोन्ही बाजू मांड. मग स्वतःचं मत दे.”

“मत काय देऊ? तिकीट लावा, नका लावू. मेरा क्या लेना-देना?”

“हे शेवटचं वाक्य सोडून बाकी सगळं इंग्रजीत लिही,” मी म्हटले.

त्याने लिहिले. उन्हाळाभर तो कारखान्यातून सुटला की माझ्याकडे येई आणि पृथ्वीवर ज्या प्रश्नांशी त्याचा काडीचा संबंध नव्हता त्यांवर मते बनवी. त्याच्या शर्टाला बाह्यांपाशी ठिणग्यांची बारीक भोके असत. पाळीव प्राण्यांचे फायदे-तोटे लिहिणारा तो हात दिवसभर पोलादी पाइपांचे जोड करत होता, आणि आत भेग राहिली नाही ना हे पाहायला त्या जोडांचे एक्स-रे निघत होते. इंग्रजीच्या परीक्षेत तो उत्तीर्ण झाला. तो अडला तो दुसरीकडेच, आणि तो अडथळा त्या देशाने उभारलेला नव्हता. तो आम्ही उभारला होता.

‘आम्ही’ म्हणजे कोण, हे सांगितले पाहिजे. माझे माहेर धारचे. आमचे पूर्वज संस्थानच्या दफ्तरात होते. संस्थान गेले, दफ्तरही गेले. पण दफ्तरात बसताना पाठीला जो ताठा आला होता तो आमच्या घरात वारसाहक्काने उतरला. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, तो अजूनही नीट जपून आहे. भाच्याने त्याला ‘मामासाहेब’ म्हणावे असा त्याचा दंडक आहे. ताईचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, खानदेशातून देवासला कारखान्याच्या नोकरीसाठी आलेले. फोरमन म्हणून निवृत्त झाले. त्यांच्याकडे दफ्तराचा ताठा नव्हता, पण इस्त्रीचा होता. मुलाला कारखान्यातच जायचे असेल तर त्याने खुर्चीवर जावे, असे देवासच्या नोकरदार मराठी वस्तीत सगळ्यांनाच वाटे आणि त्यांनाही वाटे.

मुलगा खुर्चीवर गेला नाही. बारावीनंतर तो आयटीआयला गेला, वेल्डिंग शिकला, आणि वडिलांच्याच कारखान्यात लागला. तेव्हापासून आमच्या नातेवाइकांत एक मूक करार झाला. कोणी विचारले, “मुलगा काय करतो?” की उत्तर यायचे, “इंजिनिअरिंगमध्ये आहे.” हे वाक्य मोठ्या खुबीने बांधलेले आहे. त्यात खोटे काही नाही, आणि ऐकणारा खरे काही घेऊन जात नाही.

इथवर नुकसान नव्हते. पुढे देवासच्या मराठी मंडळाचा वधू-वर परिचय मेळावा आला. मेळाव्याची पद्धत अशी की प्रत्येक मुलाने व्यासपीठावर उभे राहून नाव, शिक्षण आणि हुद्दा सांगायचा. खाली आई-वडील पेन उघडून बसलेले असतात. हुद्द्यापाशी काहींची पेने चालू लागतात, काहींची टोपणे बंद होतात. दादा धारहून खास या कार्यासाठी आला होता. त्याने भाच्याला ‘असिस्टंट इंजिनिअर’ म्हणायला लावले. मुलगा म्हणाला. टोपणे उघडी राहिली. मात्र एका चौकस गृहस्थाने ओळखपत्र पाहायला मागितले आणि घोळ झाला.

त्या घोळावर भाऊजींनी इलाज केला. निवृत्तीच्या दिवशी कारखान्यात त्यांना शाल आणि श्रीफळ दिले, आणि साहेबांनी रीतीप्रमाणे विचारले, “काही इच्छा?” माणसे अशा वेळी ‘काही नको, कृपा असू द्या’ म्हणतात. भाऊजी म्हणाले, “मुलाचा हुद्दा बदलून द्या. पगार तोच राहू दे.”

कारखान्याला इतकी स्वस्त इच्छा कोणी कधी सांगितली नसेल. त्याच महिन्यात माझा भाचा ‘असिस्टंट इंजिनिअर, फॅब्रिकेशन’ झाला. वेल्डिंगची टॉर्च तीच, हेल्मेट तेच, पाइप तेच. एकच फरक पडला. इंजिनिअर अधिकारीवर्गात मोडतो, आणि अधिकाऱ्याला ओव्हरटाइम मिळत नाही. म्हणजे प्रतिष्ठा वाढली आणि तिचा खर्च दरमहा मुलाने भरला. धारमध्ये मात्र पेढे वाटले गेले.

आता त्या थंड देशाकडे येऊ. त्याच्या पद्धतीत प्रत्येक धंद्याला एक क्रमांक असतो आणि त्या क्रमांकाखाली कामांचे वर्णन. अर्जदाराने गेल्या काही वर्षांत तेच काम केले, हे मालकाच्या पत्राने सिद्ध करायचे. भाच्याने कारखान्याचे पत्र जोडले. काही आठवड्यांनी उत्तर आले. ते घेऊन तो माझ्याकडे आला, चप्पल न काढताच आत शिरला.

“मावशी, हे म्हणतात मी वेल्डर नाही.”

मी वाचले. भाषा अतिशय सभ्य होती. अर्जदाराचा अलीकडचा अनुभव अभियंत्याचा दिसतो; अभियंत्याची पदवी नसल्याने तो अभियंता म्हणून ग्राह्य नाही; आणि वेल्डर म्हणून अनुभव अलीकडचा नाही. काही पुरावा असल्यास ठरलेल्या मुदतीत सादर करावा, अन्यथा अर्ज बंद. तिथल्या एका मालकाने त्याला देऊ केलेली नोकरी तेवढीच मुदत थांबणार होती, आणि पुढल्या वर्षी हा धंदा त्यांच्या यादीत असेल की नाही, हे ते मंत्रीही सांगत नव्हते.

“मग मी आहे कोण?” त्याने विचारले. तो हसत होता.

मी त्याला चप्पल काढायला सांगितले आणि पाणी दिले.

कारखान्याकडून दुरुस्त पत्र आणणे हा सरळ मार्ग होता. भाचा कार्यालयात गेला. तिथल्या अधिकाऱ्याने नम्रपणे सांगितले की रेकॉर्डवर जो हुद्दा आहे तेच सत्य. खरे कारण भाऊजींना लगेच उमगले. तो इतकी वर्षे वेल्डरचेच काम करत होता असे लिहून दिले, तर त्याचा ओव्हरटाइम का बुडवला, हा पुढचा प्रश्न आला असता. आणि असे हुद्दे त्या कारखान्याने आणखी किती जणांना भेट दिले होते कोण जाणे.

दुसरा मार्ग इंदूरच्या एका व्हिसा-सल्लागाराने दाखवला. हे गृहस्थ एका मॉलच्या वरच्या मजल्यावर, चहूकडे लहान लहान झेंडे लावून बसत. त्यांच्या भिंतीवर बर्फाच्छादित डोंगर होते. वेल्डर बर्फाच्या डोंगरावर काय करतो, असे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, “मैडम, ये तो फील के लिए है.” मग भाच्याकडे वळून, “भिया, टेंशन मत लो. राजगढ़ में अपना एक वर्कशॉप वाला है, वेल्डर का लेटर बना देगा. पुरानी तारीख का.”

भाऊजीही सोबत आले होते. ते उठले. “एकदा खोटं पद घेऊन पाहिलं,” ते मला जिन्यात म्हणाले. “आता खोट्या वेल्डरचा बाप होतो की काय.”

राहिला तिसरा मार्ग. नियमांच्या शेवटच्या भागात, बारीक अक्षरांत, लिहिले होते की मालकाचे पत्र मिळत नसेल तर प्रत्यक्ष देखरेख करणाऱ्या व्यक्तीचे शपथेवरचे निवेदन चालेल, त्यासोबत काम करतानाचे चित्रीकरण. देखरेख करणारी व्यक्ती म्हणजे भाऊजी. निवृत्त होईपर्यंत मुलगा त्यांच्याच हाताखाली होता, निवृत्तीनंतरही कारखान्याने त्यांना काही वर्षे देखरेखीसाठी ठेवून घेतले होते, आणि हुद्दा कसा व का बदलला हेही त्यांच्याइतके कोणी सांगू शकत नव्हते. मात्र ते नोटरीपुढे सांगावे लागणार होते. आणि देवासच्या कचेरीच्या आवारात बसणारे नोटरी मंडळाचे कार्यकारिणी सदस्य होते.

ही बातमी धारला पोहोचायला वेळ लागला नाही. दादा सकाळच्या बसने आला. त्या दिवसांत मनावर गावच्या एका कुटुंबाशी भाच्याच्या लग्नाचे बोलणे चालू होते, ते दादानेच जमवलेले. पत्रिका जुळली होती. त्या लोकांना जावई इंजिनिअर हवा होता.

ताईने पोहे पुढे ठेवले. दादाने बशीला हात लावला नाही.

“मेहुणे, हे मी काय ऐकतो? तुम्ही कोर्टात जाऊन लिहून देणार की तुमचा मुलगा मजूर आहे?”

“मजूर नाही. वेल्डर.”

“मनावरच्या लोकांना फरक समजावून सांगायला तुम्ही जाणार का?”

“गरज पडली तर जातो.”

“आमच्या घरात आजवर कोणी भट्टीपाशी उभं राहिलं नाही.”

“मामासाहेब,” भाचा दारातून म्हणाला, “भट्टी लोहाराकडे असते. माझ्याकडे आर्गॉनचा सिलिंडर आहे.”

“तू गप्प बैस. मोठे बोलताहेत.” दादा पुन्हा भाऊजींकडे वळला. “वेल्डरचा बाप म्हणून मंडळात बसाल? पुढच्या रांगेत? जमेल?”

भाऊजींनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. “दादा, तुमच्या बहिणीला मागणी घातली तेव्हा मी कोण होतो?”

“तुम्ही मेकॅनिकल विभागात होता.”

“ते तुम्ही लग्नपत्रिकेत छापलंत. मी वेल्डरच होतो. तुम्हाला ठाऊक होतं, तुमच्या वडिलांना ठाऊक होतं. फक्त हिला सांगितलं नव्हतं.”

खोलीत सगळे ताईकडे पाहू लागले. ती लिंबाच्या फोडी करत होती. “मला न सांगायला काय झालं?” ती म्हणाली. “पहिल्याच धुण्यात कळलं. सगळ्या शर्टांना भोकं. मेकॅनिकल विभागात काय उंदीर होते?” आणि तिने बशी दादाकडे सरकवली. “खा आता. गार होताहेत.”

दादाने खाल्ले. माझ्या भावाचा एक गुण मी मान्य केला पाहिजे: वाद हरल्यावर तो उपाशी राहत नाही. मात्र जाताना उंबऱ्यात थांबून त्याने बजावले, “करा काय करायचं ते. धारमध्ये मी काही बदलून सांगणार नाही.”

दुसऱ्या दिवशी भाऊजींनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि कचेरीत जाऊन शपथ घेतली. त्यांचा मुलगा रोज, स्वतःच्या हाताने, वेल्डिंगच करत होता. हुद्दा त्यांच्या विनंतीवरून बदलला गेला आणि कामात काडीचाही बदल झाला नाही, असे त्यांनी लिहून दिले. निवेदनाचा इंग्रजी मसुदा मी केला होता. नोटरींनी शिक्का मारण्याआधी चष्म्यावरून पाहिले आणि विचारले, “नक्की? परत घेता येणार नाही.” जणू समोरचा माणूस वडिलोपार्जित जमीन दान करत होता.

त्याच संध्याकाळी भाऊजींनी मनावरला फोन करून स्वतः सांगितले. दोन दिवसांनी तिकडून निरोप आला की पत्रिका जमत नाही. आधी जमली होती. मधल्या काळात ग्रहांनी बैठक बदलली असावी.

चित्रीकरण बाकी होते. कारखान्यात फोन नेऊ देत नाहीत. पण भाऊजींच्या हाताखालचा एक जुना माणूस नोकरी सोडून धामनोदला गेला होता. तिथे हायवेवर त्याचे दुरुस्तीचे दुकान आहे. दुधाचे स्टीलचे टँकर त्याच्याकडे जोडायला येतात, त्या जोडांना आर्गॉन वायू लागतो, म्हणून त्याचा सिलिंडरही असतो. मी सोबत गेले, कारण चित्रफितीच्या सुरुवातीला कोणीतरी इंग्रजीत दोन वाक्ये बोलायची होती. दुकानापलीकडे ढाबा होता. तिथले ड्रायव्हर चहाचे पेले घेऊन गोळा झाले.

भाचा हेल्मेट खाली ओढून कामाला लागला. फोन भाऊजींच्या हातात होता. मग त्यांच्यातला फोरमन जागा झाला.

“कोन सांभाळ. सावकाश. हात टेकव, हात.”

“बाबा, आवाज रेकॉर्ड होतोय!”

“मग होऊ दे, चुकतोयस ते दिसण्यापेक्षा बरं.”

“साहब की आवाज़ भी भेज दो, भिया,” दुकानदार हसून म्हणाला. “उनको भी वीज़ा मिल जाएगा.”

ड्रायव्हर मोठ्याने हसले. पुन्हा चित्रण करावे लागले. या खेपेला दुकानदाराने भाऊजींच्या तोंडात पानाचा विडा कोंबला, आणि काम बिनबोभाट पार पडले. जोड थंड झाल्यावर भाऊजींनी त्यावरून बोट फिरवले, एकदा एका बाजूने, एकदा दुसऱ्या. तोंड भरलेले असल्यामुळे काही बोलले नाहीत. नुसती मान हलवली. चित्रफितीत शेवटी तेही आले आहे. मी ते कापू दिले नाही.

मुदतीच्या आत उत्तर आले. त्या देशाला भाचा वेल्डर असल्याचे मान्य झाले. नंतर प्रात्यक्षिक परीक्षा झाली, डॉक्टरांची तपासणी झाली, पोलिसांचा दाखला झाला, आणि अखेर व्हिसा लागला. तो ज्या मालकासाठी आहे त्याचेच काम करायचे, असे त्यात लिहिले आहे. मालक बदलायचा तर पुन्हा अर्ज. वेठबिगारीला आमच्याकडे पूर्वी इतकी सुबक छपाई नव्हती. तिथे पोचल्यावर भाच्याला आणखी एक परीक्षा द्यावी लागली, कारण इथली परीक्षा त्यांच्याच नियमांप्रमाणे झालेली असली तरी तिथल्या प्रांताला ती पुरेशी वाटत नाही. तोच पाइप, तोच जोड. “मावशी,” त्याने फोनवर सांगितले, “मी रोज वेल्डर बनतो आणि हे रोज विसरतात.” तो आनंदात होता, हेही नोंदवते. ओव्हरटाइम मिळतो.

व्हिसा लागल्याच्या आठवड्यात मनावरहून पुन्हा निरोप आला. पत्रिका दुसऱ्या ज्योतिषाला दाखवली, उत्तम जमते. ताईने उत्तर पाठवले, “आता आमच्याकडून जमत नाही.” ग्रहांचा उल्लेख तिने केला नाही.

यंदाच्या गणपतीत मंडळात एका दिवसाचा महाप्रसाद भाच्याच्या वतीने होता. दादा धारहून आला होता आणि पुढच्या रांगेत बसला होता. आरतीनंतर कार्यवाहांनी माइक घेतला. भाच्याचे नाव उच्चारून त्यांनी पुढे ‘परदेशस्थ इंजिनिअर’ अशी पदवी जोडली. ही पदवी कोणी पुरवली हे विचारायची गरज नव्हती. दादा आरासीकडे एकाग्रतेने पाहत होता.

भाऊजी उभे राहिले. “वेल्डर,” ते म्हणाले.

“काय म्हणालात?” कार्यवाह.

“वेल्डर आहे तो. इंजिनिअर नाही. सुधारून सांगा.”

मग मागून कोणीतरी टाळी वाजवली, आणि पाहता पाहता सगळ्यांनीच. माझ्या शेजारच्या बाई कौतुकाने म्हणाल्या, “बघा हो, मुलगा एवढा परदेशात, आणि किती हा साधेपणा!” कार्यवाहांनी माइकवरून सांगितले की अशी नम्रता आजकाल दुर्मीळ झाली आहे. टाळ्या वाढल्या. दादाही टाळ्या वाजवत होता, आणि मनापासून.

भाऊजी उभेच होते. त्यांनी एकदा समोर पाहिले, एकदा माझ्याकडे. मग खाली वाकून ताईला विचारले, “ते शपथपत्र घरी कपाटात आहे ना? शिक्क्याचं? घेऊन येऊ का?”

“आणा,” ताई म्हणाली. “पण आधी पंगतीला बुंदी वाढा. लोक पानावर बसलेत.”